पन्नासास एक

आचाओच्या धक्क्यावरून चढ चढलं की डाव्या हाताला माझं दुकान,
पत्र्याचं, समुद्राकडे पाठ करून उभं.
एप्रिलात थंडीची चाहूल लागते आणि बेटावर
सगळ्यांना एकदमच लाकडं आठवतात.
वर्षभर अडगळीत पडलेल्या मोटर-करवती
पोत्यांत गुंडाळून माझ्या टेबलावर येतात.

एवारिस्तो मिल्यालोन्को मात्र आला
करवत लोकरीच्या पोंचोत घेऊन, तान्हं मूल आणावं तशी.
"चालू होत नाही," म्हणाला.
शेवटची कधी चालली, मी विचारलं.
तो बोटं मोजत बसला.
भाऊ जाऊन चौदा महिने.
म्हणजे चौदा महिने.

टाकीचं झाकण फिरवलं.
चांगल्या पेट्रोलचा वास नाकात चढतो आणि उडून जातो.
हा उडेना. आंबट, जड,
बंद कपाटातल्या वॉर्निशसारखा.
पेट्रोल म्हातारं होतं, हे लोकांना पटत नाही.
त्यांना वाटतं, ते लोखंडासारखं वाट बघत बसेल.
बघतं महिनाभर. फार तर तीन.
मग त्यातलं हलकं ते निघून जातं
आणि चिकट ते मागे राहतं.

"ओतून टाकते," मी म्हटलं.
"थांब," तो म्हणाला.
"हे बेलार्मिनोनं कालवलेलं आहे."

मी थांबले, हातात नरसाळं.
भिंतीवर आकारवार बत्तीस पाने टांगलेत,
त्यातला एकही इथे लागणार नव्हता.

सफरचंदाच्या दारूची रिकामी बाटली धुतली, पुसली,
टाकी तिच्यात उपडी केली.
रंग काळपट हिरवा. तेल दुप्पट, कदाचित तिप्पट.
डब्यावर लिहिलेलं असतं पन्नासास एक,
लिटरला वीस मिली, मापानं.
"मापानं?" एवारिस्तो पहिल्यांदा हसला.
"त्याचा हात सैल. सुपात मीठ, बटाट्यात चरबी,
इंजिनात तेल, सगळं अंदाजपंचे.
करवत सुरू केली की धुरात तो दिसायचाच नाही.
झाड पडलं की कळायचं, आहे."

कार्ब्युरेटर उघडला.
आतला पडदा कडक, वाळल्या सालीसारखा.
जेटच्या केसाएवढ्या भोकात मधाच्या रंगाचा डिंक.
तिथे तार घालायची नसते, तार भोक मोठं करते.
फवारा मारला, हवा मारली, उजेडाकडे धरून पाहिलं,
पलीकडे खिडकीचा एक कण दिसेपर्यंत.
सायलेन्सरमधून मूठभर काजळी निघाली. प्लग काळा, ओला.
मी मेलेल्या माणसाला शिव्या देत होते,
ओठ न हलवता.

मग बॅटरीच्या उजेडात
धुराच्या वाटेनं आत पिस्टनकडे पाहिलं.
ओरखडा नाही. एकसुद्धा नाही.
तेलात काटकसर करणाऱ्यांचे पिस्टन मी पाहिलेत,
मांजरानं नखं मारावीत तसे.
हा गुळगुळीत, चमच्याच्या पोटासारखा.
एवारिस्तोला दाखवला.
तो बराच वेळ वाकून राहिला.

नवी नळी, नवा पडदा, नवा प्लग.
ताजं पेट्रोल, मापून तेल, डबा नीट हलवून.
चौथ्या झटक्याला आली.
धूर जवळजवळ नाहीच.
ती इतकी चांगली चालत होती
की त्याचा चेहरा उतरला.

मी नेहमीचं सांगितलं:
काम संपलं की टाकी रिकामी कर, मग चालव,
आपोआप बंद पडेपर्यंत. घशात थेंब राहू देऊ नको.
डब्यावर तारीख लिही.
साखळीला जळकं तेल घालू नको.
तो मान हलवत होता, बघत होता बाटलीकडे.
अठरा हजार पेसो झाले. बाटली पोंचोत गेली.

मे महिन्यातल्या एका कोरड्या सकाळी
टेकडीपलीकडून करवतीचा आवाज आला.
मी दारात आले. आवाज स्वच्छ, माझ्याच हातचा.
पण झाडांच्या शेंड्यांवर निळा धूर चढत होता,
आणि तो काही पन्नासास एकचा नव्हता.
तिसास एक असेल. पंचविसास.

आत येऊन वही उघडली.
ऑक्टोबरच्या पानावर लिहिलं:
मिल्यालोन्को, काजळी.