विंगेतला आवाज

पहिल्यांदा फायली बदलल्या तेव्हा आवाज आलाच नाही.
उपेंद्रबाब तोंड उघडतात, तलवार उपसतात,
खुर्च्यांवर अख्खा गाव हलतो, टाळ्यांचे नुसते हात दिसतात,
आणि माझ्या केप्याच्या दुकानात
बाहेरच्या पोदेराचा पों पों, बस्स.

कॅमेरा दोन हजार सहाचा, भाच्याने दुबईहून आणलेला.
कार्डावर सतरा फायली, प्रत्येक दहा मिनिटांची,
कारण दहा मिनिटं झाली की तो आपोआप थांबायचा
आणि कोणीतरी धावत जाऊन पुन्हा बटण दाबायचं.
अशाच एका फटीत राणी मेली.
पुढच्या फायलीत ती थेट पांढऱ्या चादरीखाली.

मग आवाज वेगळा काढला, अकरा हजारांचा
अठ्ठेचाळीस हजार करून जोडला.
सगळे सरदार चिचुंद्रीसारखे चिरकले.
तिसऱ्या खेपेला माणसांसारखे बोलले,
पण दहाव्या मिनिटाला अर्धा सेकंद मागे.
हात मांडीवर येऊन थांबलेले,
तबला अजून वाजतोय.

खुंटा हवा होता. नारळ सापडला.
नांदीआधीचा. दगडाला टेकला ती चौकट,
आणि आवाजाच्या रेषेत काट्यासारखा उभा तो तडाखा,
एकावर एक ठेवले.
इतर फायलींत नारळ कुठला? तिसरी घंटा घेतली,
कोणाच्या हातून पडलेला तांब्या घेतला,
आणि हजारात एक भाग, इतकाच, आवाज आवळला.

तबला बसला. पेटी बसली.
उपेंद्रबाब बसेनात.

ओठ हलायच्या आधीच त्यांचं वाक्य येतं.
मी आवाज सेकंदभर मागे ओढला, तर तबला बिघडला.
पुढे सोडला, तर पुन्हा तेच.
दोन दिवस असे गेले. संगणकाला शिव्या घातल्या,
भाच्याच्या दुबईला घातल्या.

रात्री शटर ओढून हेडफोन लावला तेव्हा कळलं,
आवाज दोन आहेत.
एक बारीक, भराभर, रेशनची यादी वाचावी तसा:
गडाचे दरवाजे उघडे आहेत महाराज.
आणि मागोमाग तेच वाक्य,
मिशा लावून, अंगरखा घालून.

कॅमेरा विंगेच्या खांबाला टेकवला होता,
आणि खांबाआड बॅटरी घेऊन बसलेले शाणू सतरकर,
दिवसा पोस्टात, रात्री प्राँप्टर.
माइकच्या इतके जवळ
जितके ते कधीच कुठल्या माइकच्या नव्हते.

"तो काढून टाक," उपेंद्रबाब म्हणाले.
"नात यायचीय पुण्याहून. तिला वाटेल, आजोबांना पाठ नव्हतं."
"होतं?"
"तिसरा अंक सोडून."

मी म्हटलं, माइक एक, ट्रॅक एक,
मळलेल्या पिठातून मीठ वेचायला सांगताय.
तरी वेचून पाहिलं.
शाणूबाब अर्धेमुर्धे गेले,
उपेंद्रबाब मडक्यातून बोलू लागले.

मग हेडफोन त्यांच्याच कानाला लावला.
फाइल तेरा. तिसरा अंक.
ते रंगमंचाच्या मधोमध, तलवार वर,
आणि काहीच नाही. चार सेकंद. पाच.
नुसता पंखा घरघरतो.
मग तो बारीक आवाज, पण संहितेतला नव्हे, मराठीसुद्धा नव्हे:
"गडबड ना. श्वास घे.
म्हजे कडेन पळय नाका, लोकां कडेन पळय."
आणि त्यानंतर, सावकाश, वाक्य.

उपेंद्रबाबांनी तेवढंच तीनदा ऐकलं.
चौथ्यांदा माझ्याकडे न बघता विचारलं,
"तो पंखा निघतो?"
"निघतो."
"मग तेवढाच काढ.
आणि पैसे कमी लाव, अर्धंच काम झालंय."

रात्री मी पंखा काढला.
आता विंगेत पान उलटलेलंही ऐकू येतं.