जिभेचा पगार

लिस्बनहून स्कॅन आलाय. पान एकशे बारा.
वाळवीनं समास खाल्लाय, आकडे सोडलेत.
घोडबंदर, जकातीची वही:
होर्मुझहून घोडे अकरा. उतरले दहा.
एक वाटेत मेला, जकात त्याचीही घेतली.
आणि अगदी खाली, पातळ शाईत,
जिभेस टंके दोन.

नाव नाही. गाव नाही.
त्या कारकुनांच्या भाषेत दुभाष्याला जीभच म्हणत.
अख्ख्या माणसातला तेवढाच ऐवज
त्यांच्या कामाचा होता.
पगार हा शब्दही त्याच गलबतांतून उतरला,
त्याची जकात कुठे मांडलेली नाही.

मी राहते कासारवडवलीला, चौदाव्या मजल्यावर.
खाली कंटेनरची रांग, सकाळपासून हललेली नाही.
संपादकांनी विचारलंय, हा दुभाषी कोण?
लिहिते, अज्ञात. खोडते.
लिहिते, बहुधा स्थानिक. तेही खोडते.
स्थानिक म्हणजे कोण? कोळी? भंडारी?
की डोक्यावर पाणी शिंपडल्यावर
आंतोन झालेला एखादा अंतू?

तीन पानांपुढे तक्रार सापडली.
ख्वाजा नसीर म्हणतो, मी सांगितलं होतं,
करड्या घोड्याचा मागचा पाय अधू आहे.
घेणारा भानजी प्रभू म्हणतो, मला सांगण्यात आलं,
हा घोडा चालता चालता नमस्कार करतो.
दोघेही शपथेवर. दोघेही खरे.
मधे जीभ.

तेव्हा तो मला पहिल्यांदा दिसला.
घोट्याएवढ्या चिखलात, ओहोटीच्या वेळी,
एक कान फारसीकडे, एक आपल्याकडे,
आणि वाक्य ऐकून वाक्य बोलेपर्यंतच्या
त्या अर्ध्या श्वासात
अकराच्या अकरा घोडे त्याचे,
मेलेला धरून.

निकालाचं पान नाही. वाळवी.

काल गायमुखला गेले, उगाच, खाडी बघायला.
रेतीची एक बोट गंजत पडलेली.
धक्क्याजवळ एक बाई चिंबोऱ्या घेऊन बसलेली,
पाय सुतळीनं बांधून.
म्हटलं, मावशी, ही हलत नाहीये.
तिनं माझ्याकडे पाहिलं, चिंबोरीकडे पाहिलं.
त्या मधल्या वेळात
मला सगळं समजायला हवं होतं.
"निजलीय गो बाय. रातभर जागी व्हती."

न घासाघीस करता पैसे दिले.

तळटीप अजून कोरीच आहे.
घरी येऊन पिशवी ओट्यावर उपडी केली.
झोप मोडली नव्हती.