बिनविरोध

आमच्या गावात दोन दूध संस्था.
एक चावडीसमोर, एक पिंपळाच्या पारापलीकडं.
मधे अंतर एवढंच
की इकडची शिवी तिकडं ताजी पोचावी.

मी इकडचा टेस्टर.
बारा वर्षं दुधाला लागलेलं फॅट वहीत चढवतोय.
यंत्रावर सहा पॉइंट आठ आलं
की सचिवाकडं बघायचं नसतं,
समोरच्या बाईकडंही नाही,
खिडकीतनं पलीकडची रांग बघायची.
ती लांब असली तर आठच लिहायचं.
नसली, तर हात जरा हलतो.

त्यांनी दिवाळीला कढई वाटली, आम्ही कुकर.
त्यांचं बिल दहा दिवसाला, आमचं आठवड्याला.
त्यांनी जनावरांचा डॉक्टर आणला,
आम्ही रात्री दोनला फोन उचलणारा आणला.
त्यांचा गणपती अकरा फुटी,
आमचा अकरा फूट एक इंच,
टेप लावून.

सोयरीक जुळवताना कुळ नंतर निघायचं,
आधी विचारायचे, दूध कुठं घालता?
धाकटा भाऊ पारापलीकडं घालायचा
म्हणून आईच्या तेराव्याला
एकाच अंगणात दोन पंगती उठल्या.

संघाची निवडणूक लागली
की ठराव ज्याच्या नावावर, तो माणूस गायब.
दौलू खाडे पंधरा दिवसांनी परतला
तो सोललेलं नाक आणि फुलाफुलांचा शर्ट घेऊन.
बायको सांगायची,
आमचं माणूस मोजणीपर्यंत समुद्र बघायला गेलंय.

आणि हिरा मगदूम.
सकाळची किटली इकडं, संध्याकाळची तिकडं.
दोन्हीकडच्या स्लिपा पदराला बांधून
पारावर बसून ताडून बघायची.
शाळा चौथी.
तिच्याएवढं राजकारण गावात कुणाला कळलं नाही.

मग गेल्या फाल्गुनात मोठे दोघे
कोल्हापुरात, रंकाळ्याच्या बाजूला कुठंतरी,
एका ताटाला बसले म्हणे.
तांबडा ह्यांनी वाढला, पांढरा त्यांनी.
पेपरात फोटो. विकासासाठी एकत्र.
निवडणूक बिनविरोध.
गुलाल दोन्हीकडनं उडाला
आणि दुकानदार हसत म्हणाला,
आजवर तरी दोघांचा कुठं वेगळा होता?

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
भाऊ नऊ वर्षांनी माझ्या दारात आला.
भाकरी मोडताना त्याचा हात थरथरत होता,
माझाही.
बायकोनं दोनदा रस्सा वाढला, कुणी नको म्हटलं नाही.

पारापलीकडचं शटर उतरलं. खर्चात बचत.
बिल पंधरवड्याला गेलं.
डॉक्टर सकाळी फोन उचलू लागला.
दिवाळीला कॅलेंडर मिळालं,
दोघांच्या फोटोचं, एकाच हारातलं.
सचिव म्हणाला, सहा चार लिही.
मी सवयीनं खिडकीबाहेर बघितलं.
शटरवर कुणीतरी शेणी लावल्या होत्या.
लिहिलं.

हिरानं स्लिप उलटी केली, सुलटी केली.
"टेस्टर, म्हस तीच, पेंड तीच,
पाणी भोगावतीचंच.
मग चार पॉइंट पिलं कुणी?"
ओरडली नाही. ओरडली असती तर
मला उत्तर देता आलं असतं.
रिकामी किटली दगडावर आपटून तळ बघितला
आणि गेली.

काल पहाटे पारावर एक काटा दिसला,
भाड्याचा असावा.
सात किटल्या. पाटी नाही, फोटो नाही,
कंदिलाच्या उजेडात वहीवर वाकलेली हिरा.

सचिव खिडकीशी उभा राहिला.
आयुष्यात पहिल्यांदा तो तिथं उभा राहिलेला मी बघितला.
"किती आलं?"
"सहा आठ."
घसा खाकरला त्यानं.
"आठच लिही."

सात किटल्यांतली एक वाकड्या कानाची,
आमच्या आईची. वाटणीत भावाकडं गेलेली.
रात्री त्याचं ताट वाढलं होतं.
साडेनऊला बायकोनं झाकण घातलं.