डावा हात वर

पहिल्या दिवशी तळाशीलकर सरांनी
येलदरीच्या काठावर, ताडपत्रीवर
जाकीट उघडून दाखवलं.
हे बटण हवा घेतं. हे हवा टाकतं.
वर यायचं असेल तर टाकायची.

कुणीतरी हसलं. वर यायला हवा लागते, सर.

खाली घातलेली हवा, ते म्हणाले,
वर येता येता दुप्पट होते.
सोडली नाही तर तीच तुम्हाला नेईल
बुचासारखी, आणि छाती
वाटेत कुठंतरी फाटेल.

मी भोयाचा.
माझ्या बापानं, केरबानं, पूर्णेच्या डोहात
चाळीस वर्षं एकाच नियमावर काढली:
धरलेला श्वास सोडायचा नाही.
कमरेला सोल, हातात दगड, तोंड बंद.
पोलीस पाटलाचा निरोप आला की
ताटावरून उठायचा,
आणि रात्री परतला की बाजेवर
भिंतीकडं तोंड करून पडायचा.
कोण सापडलं, कसं सापडलं,
आईनंही कधी विचारलं नाही.

शनिवारी जाकीट घरी नेलं, धुऊन वाळवायला.
"दाव इकडं."
बनियनवरच चढवलं. बक्कल पोटावर बसेना.
"टाकी नाही, मंग फुगवता कशानं?"
तोंडानंही येतं, म्हटलं. हे दाबून फुंकायचं.

पाच फुंका मारल्या त्यानं.
तिसरीला खोकला, पाचवीला डोळ्यात पाणी.
बरगड्यांवर जाकीट हळूहळू चढलं,
कोंबड्या बिचकून कुडाआड गेल्या
आणि माझा बाप अंगणात उभा,
वरातीतल्या बँडवाल्यासारखा.
"आता?"
आता डावा हात वर करून हे दाबा.
"कामून? माझी हवा हाय ती."

दाबलंच नाही.
तसंच फुगलेलं काढून दिलं.
मोटारसायकलवर मागं बांधून
धरणापर्यंत आणलं मी ते,
पाठीशी कुणी बसल्यासारखं.

सोमवार. पाणी शेवाळी,
आपला हात दिसेल, पलीकडं काही नाही.
बाकीचे बुडाले. मी वरच तरंगत.
सरांनी अंगठा खाली केला. पुन्हा केला.

डावा हात वर, नळी वर.
दाबलं.
फुस्स म्हणावं एवढंही नाही,
म्हातारं माणूस टेकताना करतं
तेवढा आवाज.
विडीचा वास आला असता,
पण नाक मास्कमध्ये होतं.

नऊ मीटरवर गाळ. गाळात एक पोतं,
सरांनी मुद्दाम बुडवलेलं,
माणसाच्या वजनाचं.
चाचपत सापडलं. दोरी बांधली.
जाकिटात घोटभर हवा घेतली, निघालो.

सहा मीटरला पाठीत काहीतरी सरकलं.
जाकीट पुरतं रिकामं कधी होत नाही,
सर म्हणालेले,
घडीत थोडी अडून राहते.
ती आता फुगत होती.
मला काखेत धरून कुणी उचलू लागलं,
न विचारता,
पोहायला शिकवताना उचलायचा तसं.
आणि खरं सांगतो,
एक क्षण मी जाऊ दिलं.

मग घोट्यावर सरांची पकड.
डावा हात वर. दाबलं, थांबलो, दाबलं.
बुडबुडे गेले, मुठीएवढे,
मग फुटून चिंचोक्यांएवढे.
मी त्यांच्या मागं, त्यांच्याहून हळू,
नियमाप्रमाणं.

वर आलो तेव्हा
पाण्यावर काहीच नव्हतं.

रात्री बापानं विचारलं, "माझी हवा?"
सोडली.
"कुठं?"
बरीचशी वरच. उरलेली पाच मीटरला.

विडी दोनदा विझली त्याची.
"अन् ते पोतं. आधी काय लागलं हाताला?"
पोत्याला काय लागणार, म्हटलं. सुतळी.

"माणसाचे," तो म्हणाला,
"आधी केस लागतात."