पूल

ग्युम्रीत शुशानिक चष्मा पुसते,
पुन्हा फोन बघते.
मोन्तेविदेओहून वाहेने पाठवलेत तीनशे,
या साखळीवरून त्या साखळीवर,
मधे पूल.
पूल सकाळपासून 'प्रक्रियेत' आहे.

नदीवरचा पूल भूकंपात तडकलेला,
पण त्याला निदान कठडा आहे,
आणि वाकून पाहिलं तर खाली पाणी दिसतं.

बारा इंग्रजी शब्द
जर्दाळूच्या बरणीच्या झाकणाला आतून चिकटवलेत.
क्रम पाठ. अर्थ एकाचाच ठाऊक:
सातवा, डोमकावळा.

पडद्यावर कुणी मदतनीस उगवतो,
साखरेहून गोड:
मॅडम, तेवढे बारा शब्द सांगा,
अडकलेले लगेच सोडवतो.

ती बरणी उघडते.
शब्दांकडे बघत एक जर्दाळू चघळते,
सावकाश.

झाकण लावताना
मनगट दुखेपर्यंत पिळते.