मागचे पाय

गाय वर्षभर माझ्याकडे असते,
जिन्याखालच्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात.
डिसेंबर लागला की बाहेर काढते,
कसर कुठे लागली बघते,
आचळांना नवा गुलाबी रबरी हातमोजा,
भांडी घासायचा, भुसा भरून.
पापण्यांची दोरी ओढून पाहते:
मिटतात. उघडतात.

स्केल्बीत माणसं दोनशे बारा.
चाळीस नाटकात, उरलेली खुर्च्यांवर,
म्हणजे नावं ठेवायला गावात कोणी उरतच नाही.
पाद्रीबुवा म्हातारी होतात, छातीशी दोन फुगे बांधून;
एक फुगा दर शनिवारी फुटतो
आणि दर शनिवारी तो अपघात असतो.
राजपुत्र म्हणजे खाटकाची हेस्टर.
राक्षस शाळेचा शिपाई, त्याला सगळी पोरं ओळखतात
आणि तरी घाबरतात.

गायीत दोघे. ब्रेथवेट बंधू.
पुढे क्लिफर्ड, मागे अँब्रोज.
सख्खे, आणि दगडी बांधावरून बोलणं तुटलेलं,
त्याला सव्वीस वर्षं झाली.
हातभर सरकला की नव्हता सरकला,
मेंढ्यांना विचारा, त्या दोन्हीकडे चरतात.
चर्चमध्ये खांबाच्या अल्याड एक, पल्याड एक.
पण जानेवारीचे तीन शनिवार
अँब्रोज कमरेत वाकायचा,
भावाचा पट्टा दोन्ही हातांनी धरायचा,
आणि मी वरून चौदा हुकं लावायची.

आत काय चालायचं, देव जाणे.
बाहेरून एवढंच दिसे की गाय अडखळत नाही.
डावा, उजवा, डावा, थांब.
लहानपणी एका खाटेवर झोपलेल्यांनाच
असलं जमत असावं.

मग राक्षस यायचा, पोरं किंचाळायची,
“मागे! तुझ्या मागे बघ!”
गाय गर्रकन वळायची.
पण अख्खी गाय वळली तरी
मागचा मागेच राहतो.
पुढच्याला तो कधी दिसत नाही.

यंदा नोव्हेंबरात क्लिफर्डचा खुबा बदलला.
कमिटी बसली. कोणी म्हणालं, गाय गाळू.
कोणी म्हणालं, बदक करू, बदकाला माणूस एकच लागतो.
कोपऱ्यात चहाची टाकी खदखदत होती,
तिच्याशेजारून अँब्रोज म्हणाला,
“पुढचे पाय मी होतो.”
सव्वीस वर्षांत कमिटीपुढे उच्चारलेलं त्याचं पहिलं वाक्य.
मागे हेस्टरचा धाकटा भाऊ दिला, गुडघ्यात कच्चा, हसरा.

शेवटचा शनिवार. ओल्या कोटांची वाफ.
तिसऱ्या रांगेच्या टोकाला क्लिफर्ड,
वॉकर समोर, त्यावर टोपी टांगलेली.
राक्षस आला.
पोरं उठली, आणि त्यांच्या गलक्यात
एक घोगरा, जाडा आवाज:
“मागे बघ! अरे, मागे बघ!”

गाय वळली नाही.
मागचे पाय वळू लागले होते, ते धडपडून थांबले.
गाय पुढेच बघत राहिली,
तिसऱ्या रांगेच्या टोकाकडे,
आणि पापण्या मिटल्या. उघडल्या.
पुन्हा मिटल्या.

दोरी ओढायची जागा ती नव्हे.
तालमी मी सगळ्या पाहिल्यात.

बांध तिथेच आहे. काल बसमधून पाहिला.
गाय धुऊन वाळत घातलीय,
थंडीने तिच्या पोटाचा पुठ्ठा झालाय.
दोन हुकं काही सापडत नाहीत.