खटका

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
तिसरा दिवस, जीप चार घोड्यांवर.
फोर-व्हीलचा दांडा टाकला की
पुढून कुठूनतरी खट्… खट्, मग गप्प.

क्रॉस बदलून झाला. हबमधलं ग्रीस
काकवीसारखं बोटाला आलं.
ट्रान्सफर केसचं तेल सोडलं, तर तळाशी
पितळेची बारीक चूर.
“ही म्हातारपणाची. आवाज हिचा नाही,”
नरसय्या म्हणाला, आणि बोटं लुंगीला पुसली.

बावीस वर्षं यंत्रमागावर गेली त्याची,
डावा कान तिथंच राहिला,
उजवाही अर्धा.
म्हणून तो स्क्रू-ड्रायव्हरची मूठ
दातांत धरतो, टोक लोखंडाला टेकवतो
आणि हातानंच सांगतो: सोड क्लच.

चारही चाकं हवेत फिरतात.
जीप कुठंच जात नाही.
गाडीखाली तो डोळे मिटून,
जबड्यानं ऐकत.

“इक्कडे,” तो एकदम म्हणतो, मूठ दातांतच.
माउंटिंगचं रबर.
वाळक्या भाकरीसारखं तडकलेलं,
केस चौकटीवर डोकं आपटत होती
नि मी सहा महिने
गियरला शिव्या देत होतो.

होटगी रोडपर्यंत खट् नाही.
आता मागचं दार वाजतंय.
पहिल्यापासून वाजत असणार.